खोलगट भाग, वस्ती नाही

चर्चच्या पार्किंगचा आणि पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा प्रकल्प एकमताने मंजूर झाला. टाळ्या वाजल्या. आता हे आपण विसरून जाऊ, कारण त्या दुपारी आईच्या स्वयंपाकघरात जमलेल्यांपैकी काहींना ते माहीत नव्हतं, आणि ज्यांना अंदाज होता ते अंदाज नसल्यासारखी बिस्किटं खात होते.

आई उभी होती. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यापासून ती बसून बोलत नसे. बसून बोलायचा जन्माचा कोटा तिथेच संपला, असं तिचं म्हणणं. तिची तिन्ही मुलं आणि जावई मात्र टेबलाभोवती बसले होते. वडिलांच्या मातीनंतर हे चौघं एकाच वेळी त्या टेबलाशी आज पहिल्यांदा आले होते, आणि तेव्हाही खुर्च्या शेजारून आणाव्या लागल्या नव्हत्या, कारण थोरला उभ्याउभ्याच निघून गेला होता.

"नीट बघा," धाकटा म्हणाला. तो पंप दुरुस्त करायचा आणि आईजवळ राहायचा. दोन्ही गोष्टी दुसरं काही जमलं नाही म्हणून. त्याने चहाचा ट्रे ओढला, त्यावर फडकं पसरलं. "हे चर्चचं मागचं आवार. फडकं म्हणजे गवत." त्याने तांब्यातलं पाणी ओतलं. फडक्याने ते पिऊन टाकलं. "पितंय ना? आता डांबर." त्याने फडकं काढलं आणि पुन्हा ओतलं. पाणी ट्रेवरून सरळ निघालं, कडेला क्षणभर थांबलं आणि थोरल्याच्या मांडीवर उतरलं.

"अरे!"

"आणि तू म्हणजे आपलं घर."

थोरला उठून पॅन्ट झटकू लागला. त्याचं फर्निचरचं दुकान होतं आणि चर्चच्या बांधकाम समितीत तो सदस्य होता, त्यामुळे कुठेही बसताना तो आधी खुर्ची हलवून बघायचा. "मी या विषयात तटस्थ आहे," तो म्हणाला. "हे मी आधीच सांगितलंय."

"तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. म्हणूनच भिजलास."

मधली हसली नाही. ती नगर परिषदेत इतिवृत्त लिहायची आणि हसण्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची हे न ठरल्याने तिने ते कामावर आणि हळूहळू घरीही सोडून दिलं होतं.

"म्हणजे मागच्यासारखंच होणार," आई म्हणाली.

मागच्या वेळी चर्चने आवाराचा पुढचा निम्मा भाग डांबरला होता. त्या पावसाळ्यात पाणी पहिल्यांदा तळघरात आलं. आई खाली गेली तेव्हा वडिलांचे बूट, जे तिने ते गेल्यावरही खालच्या पायरीवर ठेवले होते, पाण्यावर फिरत होते. एक पुढे, एक जरा मागे, जेवण झाल्यावर ते स्वतः अंगणात फिरायचे तसे. आईने ते पाहिलं आणि कोणाला बोलावलं नाही. बोलावलं असतं तर कोणी आलं असतं का, हा प्रश्न या घराण्यात तेव्हापासून निघालेला नाही, कारण सगळे तो टाळण्यात तरबेज आहेत.

"मागच्यापेक्षा दुप्पट," धाकटा म्हणाला. "आता उरलेलं गवतही जाणार. तळघर सोड, हे स्वयंपाकघर गेलं समज. भावोजी, सांगा ना तुम्ही. आराखडा तुमचा आहे."

जावयाने चष्मा पुसला. तो सर्वेक्षक होता आणि घरातल्या वादाकडेही तो उंचीच्या हिशोबाने बघायचा: कोण वर, कोण खाली, वाहणार कुठे. "मूळ आराखड्यात शोषखड्डा होता," तो म्हणाला. "आवाराच्या कोपऱ्यात. सगळं पाणी तिथेच जिरलं असतं. तुमच्याकडे थेंब आला नसता, आई."

"मग काढला कोणी?"

सगळ्यांनी एकदम बिस्किटं घेतली.

"तिथे गाड्यांच्या जागा कमी पडत होत्या," थोरला शेवटी म्हणाला. "समितीच्या राखीव जागा नेमक्या त्या कोपऱ्यात येत होत्या. मी एकटा काय करणार? मंडळीचा निर्णय होता."

"कुठली मंडळी?" धाकट्याने विचारलं. "चर्चची का तुझी घरची?"

"वहिनीला मध्ये आणू नकोस."

"ती मध्ये नसतेच रे. ती वर असते."

आईने ट्रे उचलून मोरीत ओतला. "कुठेतरी पाणी मुरतंय," ती म्हणाली.

"मुरतच नाहीये, आई. तोच तर प्रॉब्लेम आहे."

एवढ्यावर मधली सोडून सगळे हसले, थोरलाही, आणि त्या हशात ठराव झाला. नगर परिषदेच्या संध्याकाळच्या सुनावणीत धाकटा हरकत घेईल. जावई, अध्यक्षांनी विचारलं तर, शोषखड्डा परत सुचवेल. मधली तोंड उघडू शकत नाही पण हरकत शब्दशः लिहून घेईल. थोरला तटस्थ राहील, पण आईच्या बाजूला झुकून. आई काहीच मागत नव्हती. तिला फक्त याच घरात राहायचं होतं आणि याच घरातून, कोरड्या पायांनी, एकदाच बाहेर जायचं होतं. असं ती म्हणाली आणि पर्स घ्यायला आत गेली. मागे राहिलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. तसं पाहायला त्यांच्याकडे बरंच होतं.

*

परिषदेचं सभागृह वरच्या मजल्यावर होतं, त्यामुळे निचऱ्याच्या प्रश्नाकडे सदस्य नेहमीच शांतपणे बघू शकत. अध्यक्ष पेशाने दंतवैद्य. समोरच्याला बोलता येत नसताना प्रश्न विचारायचा आणि उत्तर आलं असं धरून पुढे जायचं, ही त्यांची पद्धत दवाखान्यातून इथे आली होती आणि इथे तिला कार्यक्षमता म्हणत.

आधीचा विषय एका सार्वजनिक बाकाचा होता. तो भिंतीकडे तोंड करून बसवला गेला होता. त्यावर बसणाऱ्याला काय दिसतं, काय दिसायला हवं, आणि भिंतीला काय वाटत असेल, अशी दीर्घ चर्चा झाली. एक सदस्य गहिवरले. बाकासाठी उपसमिती नेमली गेली, जागेची पाहणी ठरली. आईला बरं वाटलं. बाकाची एवढी काळजी घेणारी माणसं आहेत, तर माझीही घेतील, असं तिच्या मनात आलं. तिची चूक एवढीच झाली की बाकाला नातेवाईक नव्हते.

मग पाळकसाहेब उठले. दमलेला, भला माणूस. "रविवारी लोकांना गाडी लावायला जागा मिळत नाही," ते म्हणाले. "मग ते घरी बसतात. आणि घरी बसून ते प्रार्थना करत नाहीत, अध्यक्षमहाराज. आमच्याबद्दल बोलतात."

सदस्यांनी माना डोलावल्या. हे सगळ्यांच्या अनुभवाचं होतं.

जावई पडद्यापाशी गेला. नकाशावर चर्च होतं, क्रूसासकट. गाड्यांच्या जागा होत्या, प्रत्येकीला क्रमांक. आवाराच्या कडेची झाडंही त्याने एकेक दाखवली होती. "हे निळे बाण म्हणजे पावसाचं पाणी," तो म्हणाला. "ते नैसर्गिक उताराने इथे येईल, आणि पुढे इथे, विद्यमान खोलगट भागात, सोडलं जाईल."

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात तुटक रेषेचं एक वर्तुळ होतं. आत घर नव्हतं, भिंत नव्हती, धुणं वाळत घालायची दोरीही नव्हती. आईने चष्मा लावला आणि एक्स्चेंजमध्ये नंबर वाचायची त्या आवाजात वाचलं.

"विद्यमान खोलगट भाग. वस्ती नाही."

सभागृहात कोणीतरी खोकलं.

"जावईबापू, ते माझं स्वयंपाकघर आहे का?"

"प्रश्न अध्यक्षांमार्फत विचारावेत," अध्यक्ष म्हणाले.

"अध्यक्षमहाराज, तुमच्यामार्फत विचारते. ते माझं स्वयंपाकघर आहे का?"

अध्यक्ष जावयाकडे वळले. "ते यांचं स्वयंपाकघर आहे का?"

"तांत्रिकदृष्ट्या, अध्यक्षमहाराज, तो खोलगट भाग आहे."

अध्यक्ष आईकडे वळले. "तांत्रिकदृष्ट्या तो खोलगट भाग आहे."

"ऐकलं मी. कान शाबूत आहेत. वस्ती नाही, ते कोणाबद्दल आहे?"

जावयाने अध्यक्षांकडे पाहायला हवं होतं. त्याने थोरल्याकडे पाहिलं. पावसाळ्याआधी आराखडा पुरा करताना त्याने फोन करून विचारलं होतं: दादा, आई तिथेच राहणार आहेत ना, तसं दाखवावं लागेल, मग शोषखड्डा काढता येणार नाही. आणि थोरला म्हणाला होता, छे, ती आमच्याकडे येतेय, खोली तयार आहे, तू वस्ती नाही म्हणूनच टाक. जावयाला ते ऐकून हलकं वाटलं होतं. माणूस नसला की उतार फार सोपा होतो.

थोरला खाली बघत होता. आपण वाईट नाही, असं तो स्वतःला सांगत होता, आणि ते बऱ्यापैकी खरं होतं. आईला घेऊन जायचं त्याने खरोखर ठरवलं होतं. फक्त सांगायचं राहिलं होतं. आईला काही सांगायचं म्हणजे आधी भांडण, मग अबोला, मग बहिणीचा फोन. त्यापेक्षा दोनेक पावसाळे घरात पाणी आलं, की ती आपणहून सामान बांधेल, असा त्याने हिशोब केला होता. जे मुलाला तोंडाने सांगता येत नव्हतं, ते गटार सांगणार होतं.

आईने मान वळवली. इतिवृत्ताच्या टेबलाशी मधली लिहीत होती. आजची विषयपत्रिका, नकाशासकट, तिनेच टाइप केली होती हे सगळ्या सभागृहाला माहीत होतं, कारण खाली तिची सही होती.

"तू वाचलं होतंस?"

"आई, इथे नको."

"वाचलं होतंस का?"

"मी फक्त शुद्धलेखन तपासते गं."

आणि ते तिने तपासलं होतं. नवऱ्याने घाईत 'वस्ति' लिहिलं होतं, ऱ्हस्व. तिने वेलांटी दीर्घ केली होती. ते करताना तिला नेहमीसारखं समाधानही वाटलं होतं, एखाद्याची कॉलर नीट केल्याचं. ज्या वर्तुळावर ते शब्द होते त्यात आपण लहानाचे मोठे झालो, हे तिच्या लक्षात आलं होतं का? आलं होतं. पण ते शुद्धलेखनात बसत नव्हतं.

"मग बरोबर आहे ना?" आईने विचारलं.

"काय?"

"शुद्धलेखन."

"हो."

"चला. म्हणजे चुकीचं काहीच नाही."

मधलीने लिहिलं: एका उपस्थित महिलेने नकाशाविषयी चौकशी केली. तिचे समाधान झाले.

थोरल्याला आता उठावंच लागलं. "अध्यक्षमहाराज, मी तटस्थ राहून एक खुलासा करतो. सदर घरात राहणाऱ्या व्यक्तीचं लवकरच स्थलांतर होतंय. मुलाकडे. म्हणजे माझ्याकडे. वरच्या मजल्यावर खोली तयार आहे, उजेड भरपूर आहे."

"सदर व्यक्तीला हे माहीत आहे का?" एका सदस्याने विचारलं.

"आता झालं," थोरला म्हणाला.

आई त्याच्याकडे बघत राहिली. आयुष्यभर तिने लोकांचे फोन जोडून दिले होते, आणि मधेच लाइनवर राहून न ऐकण्याचं नाटक केलं होतं. आपल्याविषयीचं बोलणं मात्र तिला नेहमी सगळ्यात शेवटी कळायचं.

"खोलीला रंग कुठला दिलाय?"

"पिस्ता."

"कोणी ठरवला?"

"मंडळीने," थोरला म्हणाला. या वेळी कुठली ते कोणी विचारलं नाही.

"माझी हरकत आहे!" धाकटा उठला तो खुर्चीसकट, त्या खुर्च्यांना लिहायची फळी असते, ती त्याच्या पोटाला अडकली. "तिथे वस्ती आहे! माझी आई आहे, मी आहे! आमच्या घरावर यांनी पाणी सोडलंय, आणि सोडण्याआधी विचारायची लाजसुद्धा नाही! शोषखड्डा परत आलाच पाहिजे. समितीवाल्यांना गाडी लावायला जागा नसेल तर चालत या म्हणावं. मोठे मोठे संत चालत गेलेत!"

मागच्या रांगेत कोणीतरी टाळी वाजवली आणि आजूबाजूला बघून थांबवली. आईने पदराने चष्मा पुसला. त्या एका वाक्यापुरती ती पुन्हा वस्ती झाली.

"दुखतंय, कळतंय," अध्यक्ष म्हणाले. ते ही वेळ ओळखत असत. याच वेळी ते सुई पुढे करत. "मधला मार्ग काढू. खोलगट भागात परिषदेतर्फे पंप बसवावा. पाणी आलं की उपसावं. चालवायला आणि देखभालीला स्थानिक माणूस नेमावा."

"स्थानिक म्हणजे कोण?" धाकट्याने विचारलं.

"पंपाचं काम करणारे इथे कोण आहेत?"

सभागृहाने हळूहळू धाकट्याकडे पाहिलं. फळी अजून त्याच्या पोटाशी होती.

"नेमणूक हंगामी?" त्याने विचारलं. आवाज खाली आला होता.

"पाणी येत राहील तोवर."

"पाणी तर येतच राहणार."

"मग कायम."

कायम. धाकट्याने हा शब्द आतापर्यंत फक्त इतरांच्या लग्नाच्या बोलण्यांत ऐकला होता: मुलगा कायम आहे का? त्याच्यासाठी आलेली दोन स्थळं याच शब्दावर परत गेली होती. आईचं स्वयंपाकघर पाण्याखाली जाणार आणि त्या पाण्यावर आपण कायम होणार, हे त्याला स्पष्ट दिसलं. लाजही वाटली. पण लाज हंगामी होती.

"तर मग अध्यक्षमहाराज," तो आईकडे न बघता म्हणाला, "माझी हरकत ही हरकत न समजता अट समजावी."

"बस," आई म्हणाली. "फळी वर कर आधी, मग बसता येईल."

त्याने फळी वर केली आणि बसला.

"तिघांच्याही लाइन एंगेज," आई म्हणाली. फार हळू, पण एक्स्चेंजचा आवाज तो, शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

शोषखड्ड्याबद्दल अध्यक्षांनी जावयाला विचारलंच नाही, आणि जावई, ठरल्याप्रमाणे, विचारल्याशिवाय बोलला नाही. ठराव मताला टाकला. सदस्यांनी हात वर केले. आईनेही हात वर केला; तिला अजून बोलायचं होतं. हात बराच वेळ वर होता. अध्यक्षांनी त्याकडे पाहून प्रेमाने मान हलवली आणि मधलीने लिहिलं: ठराव एकमताने मंजूर. उपस्थितांनीही हात वर करून पाठिंबा दर्शवला.

टाळ्या वाजल्या. त्या आपण सुरुवातीलाच ऐकल्यात.

*

खाली जिन्यापाशी चौघंही हातात किल्ल्या घेऊन उभे होते.

"आई, चल, मी सोडतो," थोरला म्हणाला. "किंवा सरळ घरीच चल. आमच्या. खोली तरी बघून घे."

"माझ्या फाटकासमोर तुझी गाडी असते दर रविवारी," आई म्हणाली. "आता काढशील ना? झाली ना जागा?"

"आई, तू असं..."

"मी सोडते हिला," मधली म्हणाली. "तू जा दादा. पुरे झालं आज."

"तू नको मोठेपणा करूस. तू तर वाचून सही केलीस."

"आणि तू लिहायला लावलंस!"

"भांडू नका," जावई म्हणाला. "लोक बघतायत."

"लोक नाहीत इथे," आई म्हणाली. "वस्ती नाही."

धाकटा जरा लांब उभा होता. "आई, पंप चांगला घेऊ आपण," तो म्हणाला. "आवाज न करणारा. तुझी झोप मोडणार नाही."

"पाण्याने मोडेल की."

"पाणी आलं की मी आहेच ना."

"आज होतास की तू."

वर्षानुवर्षं ही भावंडं एकमेकांना पाण्यात पाहत आली होती. आज पाणी प्रत्यक्ष मंजूर होऊन आलं, तर एकमेकांकडे बघायलाही कोणी तयार नव्हतं.

आईने मधलीला बाजूला घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर बसली. ती बसली याचं सगळ्यांनाच जरा भय वाटलं.

"वही काढ. अर्ज लिहून घे."

"आता उपयोग नाही, आई. मंजूर झालंय. वरती दाखलसुद्धा करून घेणार नाहीत."

"उपयोगाचं मी विचारलं का? तुझं काम लिहायचं आहे. लिही. आणि वेलांट्या बघ."

मधलीने वही काढली. आई सांगत गेली, एकेक शब्द सुटा, तारेवर सांगतात तसा. मधली लिहीत गेली. मध्ये एकदा तिचं पेन थांबलं, तेव्हा आई म्हणाली, "रडायचं नंतर. अनुस्वार राहिला."

*

प्रति, मा. अध्यक्ष, नगर परिषद.

अर्जदार: विद्यमान खोलगट भाग.

विषय: पाऊस पाडण्याच्या दिवसाबाबत.

महोदय,

आजच्या सभेत मंजूर झालेल्या आराखड्यानुसार चर्चच्या आवारातील सर्व पाणी अर्जदाराकडे येणार असल्याचे समजले. अर्जदाराची त्यास हरकत नाही, कारण असलेली हरकत सभागृहातच अटीत बदलण्यात आली. अर्जदाराच्या ठिकाणी वस्ती नसल्याचेही समजले. त्यामुळे पंप बंद पडल्यास बादल्या उचलण्यास तेथे कोणी असणार नाही, ही बाब नम्रपणे निदर्शनास आणून देण्यात येत आहे.

तरी विनंती की, यापुढे पाऊस केवळ परिषदेच्या सुनावणीच्या दिवशीच पाडण्यात यावा. अर्जदाराची तिन्ही मुले व जावई एकाच वेळी घरी आल्याचा तेवढा एकच दिवस आढळून आला आहे.

कळावे.